उपवासाचा उरलेला घास कोणाचा?

माघ वद्य चतुर्दशीस आमच्या देवगड तालुक्यातील साऱ्या वाटा कुणकेश्वराकडे वळतात. जामसंड्यातून, देवगडातून, आसपासच्या वाड्यांवाड्यांतून निघालेला भाविक समुद्राची गाज ऐकत देवाच्या दारी जाऊन उभा राहतो, आणि घरी मागे राहिलेल्या वृद्धांचा दिवस निराहारावर अथवा फलाहारावर जातो. या पुण्यपर्वाच्या पानावर बेलाचे माहात्म्य, चार प्रहरांची पूजा, व्याधाची कथा हे विषय दरसाल येतात, आणि ते यावेतच. आम्ही मात्र यंदा ख्रिस्ती तरुणांच्या उपवासकाळाविषयी लिहावयास बसलो आहो. हे पाहून काही वाचकांस नवल वाटेल, काहींस कदाचित रागही येईल. तथापि शेवटपर्यंत वाचावे आणि मग काय ते ठरवावे, एवढीच विनंती.

विषय सुचला तो पंचांगावरून. कॅथलिक पंथाचा उपवासकाळ, ज्याला वसईकडील मराठी ख्रिस्ती बांधव प्रायश्चित्तकाळ असेही म्हणतात, तो भस्म बुधवारी सुरू होतो. २०१८ साली महाशिवरात्र १३ फेब्रुवारीस आली आणि भस्म बुधवार दुसऱ्याच दिवशी, १४ तारखेस. २०२६ साली शिवरात्र १५ फेब्रुवारीस आणि भस्म बुधवार १८ फेब्रुवारीस. हा केवळ योगायोग नव्हे. त्यांचा पुनरुत्थानाचा रविवार वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेच्या पाठोपाठ येतो; तेथून शेहेचाळीस दिवस मागे मोजले की भस्म बुधवार अमावास्येच्या आगेमागे पडतो. आपली शिवरात्र तर अमावास्येच्या आदल्या रात्रीची. एकाच चंद्राकडे पाहून दोघांनी दिवस ठरविले आहेत. अधिक मासाच्या फेऱ्यात काही वर्षी महिन्याचे अंतर पडते, एवढेच.

त्या बुधवारी देवळात जाणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या कपाळी अथवा मस्तकी धर्मगुरू राख लावतात. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ती राख होते. मनुष्य मातीचा आहे व मातीस मिळणार आहे याची ती खूण. भाळी त्रिपुंड्र रेखणाऱ्या आमच्यासारख्यांस भस्माचा हा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको.

रविवार वगळून या काळाचे चाळीस दिवस होतात. त्यांची तीन अंगे मानली आहेत: प्रार्थना, उपवास आणि दान. आम्हांस येथे बृहदारण्यकातील प्रजापतीची कथा आठवते. देव, मनुष्य व असुर तिघेही उपदेश मागावयास गेले आणि प्रजापतीने तिघांस 'द' हे एकच अक्षर सांगितले. देवांनी दम ऐकला, मनुष्यांनी दान ऐकले, असुरांनी दया ऐकली. मनुष्याच्या वाट्यास जे अक्षर आले त्याचा अर्थ दान, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

सिंधुदुर्गात ख्रिस्ती वस्ती आमच्या देवगडाकडे विरळ. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी असे दक्षिणेस जावे तशी ती वाढते. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत निघाला. सिंधुदुर्ग, रत्नागिरी व कोल्हापूर हे जिल्हे त्यात येतात आणि त्याचे मुख्य पीठ सावंतवाडीस आहे. ही मंडळी घरी मालवणी-कोंकणी बोलतात, शेजारी म्हणून आपल्या गणपतीस येतात, आपण त्यांच्या नाताळास जातो. त्यांचा केक आपणांस ठाऊक आहे. त्यांचा उपवास ठाऊक नाही. सण दिसतो, व्रत दिसत नाही, हे सर्वच धर्मांच्या शेजाऱ्यांचे होते.

या काळात त्यांच्याकडे लग्नकार्ये होत नाहीत. गोव्यात ज्याला इंत्रूज म्हणतात तो खाण्यापिण्याचा व नाचगाण्याचा सण मंगळवारी संपतो आणि बुधवारपासून घर शांत होते. दर शुक्रवारी 'क्रुसाची वाट' ही चौदा स्थानांची प्रार्थना होते. भस्म बुधवार व गुड फ्रायडे या दोन दिवशी एकच पूर्ण जेवण; आणि हा नियम कोणास बंधनकारक आहे, तर वयाच्या अठरा वर्षांपासून एकोणसाठ वर्षांपर्यंतच्या माणसांस. मांस वर्ज्य करण्याचा नियम चौदाव्या वर्षापासून लागतो. म्हातारी माणसे व आजारी उपवासाच्या नियमातून मोकळी. आम्ही येथे थोडे थांबलो. आपल्या घरांत उपवास कोण करते? आजी करते, आई करते, सून करते. धडधाकट मुलगा वडे खाऊन कामावर जातो आणि सत्तरीची माता त्याच्या आयुष्यासाठी निर्जळी राहते. ज्याच्या अंगात बळ आहे त्यानेच भूक सोसावी, हा न्याय आम्हांस अधिक सरळ वाटतो.

कॅथलिक तरुणांच्या या काळातील समाजकार्याचे स्वरूप साधे आहे. चहा, सिनेमा, मांसाहार, जे सोडले असेल त्याचे पैसे घरच्या डब्यात पडतात. धर्मग्रामातील तरुणांची मंडळे वृद्धाश्रमात जातात, रुग्णालयात जातात, रक्तदान करतात, एकट्या राहणाऱ्या माणसांची चौकशी करतात. कॅरिटास इंडिया ही त्यांची राष्ट्रीय संस्था १९६२ साली स्थापन झाली. भूक व रोगराई यांविरुद्धची तिची वार्षिक मोहीम याच काळात चालते. जर्मनीत १९५८ साली तेथील बिशपांनी 'मिझेरिओर' या नावाचा निधी याच काळासाठी काढला. युद्धात बेचिराख झालेला तो देश. स्वतःची घरे पुरती उभी राहण्याच्या आतच दूरच्या उपाशी लोकांसाठी त्याने झोळी फिरविली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात ॲलनटाउन येथे १९७५ साली आफ्रिकेतील दुष्काळपीडितांसाठी 'तांदळाचे वाडगे' नावाची योजना निघाली. पुठ्ठ्याची लहानशी पेटी जेवणाच्या मेजावर ठेवावयाची, साधे जेवण करावयाचे आणि वाचलेले पैसे त्या पेटीत टाकावयाचे. दोन वर्षांत ती योजना देशभर गेली. जमलेल्या पैशांतला चौथा हिस्सा गावातच खर्च होतो, उरलेला परदेशी जातो.

वाडग्याचे हे नाव ऐकून मराठी माणसास मुष्टिफंड आठवावा. रोजच्या भातासाठी तांदूळ काढताना एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकावयाची आणि त्या मुठींवर शाळा चालवावयाची, ही आपल्याकडील पद्धत. पणजीत १९०८ साली पोर्तुगीज अमलाखाली निघालेल्या मुष्टिफंड संस्थेने ती आपल्या नावातच जपली आहे. पुठ्ठ्याची पेटी निघण्यापूर्वी सदुसष्ट वर्षे कोकणच्या दक्षिण टोकाला गृहिणींच्या मुठी हे काम करीत होत्या. तेव्हा आम्ही काही परकी गोष्ट सांगत नाही.

कॅथलिक तरुणांच्या सेवेचा इतिहास सांगावयाचा तर एका विद्यार्थ्याचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. फ्रेडरिक ओझनाम हा १८१३ साली जन्मलेला तरुण कायदा शिकावयास पॅरिसमध्ये आला. १८३२ साली त्या शहरात पटकीने हाहाकार केला होता. विद्यार्थ्यांच्या वादसभेत धर्माची बाजू मांडणाऱ्या या मुलांस प्रतिपक्षाने विचारले, की तुमच्या धर्माने पूर्वी पुष्कळ केले असेल, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? उत्तर देण्याऐवजी २३ एप्रिल १८३३ रोजी, ओझनामच्या विसाव्या वाढदिवशी, काही मित्र एकत्र आले आणि गरिबांच्या घरी जाऊ लागले. रोझाली रांदू नावाच्या सेवाव्रती भगिनीने त्यांस वस्त्या दाखविल्या. पैसे पाठवून भागावयाचे नाही, आपण स्वतः जावयाचे, बसावयाचे, ऐकावयाचे, हा त्यांचा दंडक. सेंट व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाची ती मंडळी आज दीडशेच्या आसपास देशांत आहे. आपल्याकडेही अनेक धर्मग्रामांत तिची शाखा आढळते.

ओझनाम आणि त्याच्या मित्रांचे आणखी एक कृत्य आम्हां कीर्तनकारांस विशेष रुचते. त्यांनी पॅरिसच्या आर्चबिशपांकडे अर्ज केला, की आम्हां तरुणांस कळेल अशा भाषेत उपवासकाळात प्रवचने व्हावीत. त्यातून १८३५ साली नोत्र दाम या महामंदिरात लाकोर्देअर नावाच्या तरुण धर्मगुरूंची प्रवचने झाली आणि ती परंपरा पुढे रुजली. श्रोत्यांनी मागणी केली आणि वक्त्याने आपली भाषा बदलली! आमच्या सप्ताहांत तरुण दिसत नाहीत अशी तक्रार आम्ही सर्वजण करतो. त्यांच्याकडून असा अर्ज आला तर आमच्यापैकी किती बुवा पूर्वरंग बदलावयास तयार होतील, हा प्रश्न आम्ही आमच्याच वर्गास विचारतो. १९९७ साली त्याच नोत्र दाममध्ये, जागतिक युवा मेळाव्याच्या वेळी, ओझनामला धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले.

आता दुसरी बाजू. कोकणातल्या वाचकाच्या मनात एक शंका असते आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत इन्क्विझिशनचा अंमल होता, मधला थोडा खंड सोडला तर. साष्टीतील देवळे पडली, देव रातोरात फोंड्याकडे हलवावे लागले. ते विसरा असे आम्ही कोणासही सांगणार नाही. सेवेच्या आडून माणूस आपल्या पंथात ओढावयाचा, असा आरोपही वारंवार होतो. यावर आमचे मत स्पष्ट आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या दानास राजस म्हटले आहे. भाकरीच्या बदल्यात धर्म मागणारे दान त्या वर्गातले, मग हात कोणाचाही असो. आणि देणगीच्या बदल्यात पाटीवर नाव मागणारे आपले दानही त्याच वर्गातले. परंतु शेजारच्या तालुक्यातला एखादा ख्रिस्ती मुलगा शुक्रवारी मटण सोडून ते पैसे रुग्णालयातल्या गरिबाच्या औषधास देतो, तेव्हा त्याच्यापुढे चार शतकांपूर्वीचा हिशेब मांडणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली क्रिस्तपुराण प्रसिद्ध केले ते नवख्रिस्ती लोक पुराणासाठी आसुसले होते म्हणून, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ आपल्याच मराठीत आहे. अलीकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिले, त्यास २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २०२४ साली ते गेले. त्यांस परके म्हणावयाचे तर मराठीसच परके म्हणावे लागेल.

आणि त्यांच्याकडे सर्व आलबेल आहे असेही कोणी समजू नये. त्यांच्या नियमात मांस वर्ज्य आहे, मासे नाहीत. युरोपातल्या थंड मुलुखात हा नियम त्यागाचा असेल. मालवणच्या किनाऱ्यावर 'शुक्रवारी मटण नाही, बांगडा चालेल' यास त्याग म्हणणे कठीण आहे. धान्याची पुडकी वाटताना छायाचित्रे काढून घेण्याची हौस त्यांच्या तरुणांसही आहे. वस्तुतः भस्म बुधवारी वाचल्या जाणाऱ्या मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचा उपदेश नेमका याच्या उलट आहे: दान, प्रार्थना, उपवास तिन्ही लोकांस दाखविण्यासाठी करू नयेत, उजव्या हाताचे डाव्यास कळू नये. चाळीस दिवस संपले की पुष्कळांचा उत्साहही संपतो.

पण बांगड्यास हसण्यापूर्वी आपण आपल्या ताटाकडे पाहावे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर हिरवी मिरची. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, भुईमूग, रताळे आणि मिरची ही पाचही दक्षिण व मध्य अमेरिकेकडची झाडे. पोर्तुगीज गलबतांनी समुद्रापलीकडून सोळाव्या शतकानंतर ती आपल्या किनाऱ्यास लावली. हेमाद्रीच्या काळी या ताटातला एकही पदार्थ उपलब्ध नव्हता! एकादशीस दुप्पट खाण्याची थट्टा आपणच करतो. त्या दिवशी घरातला खर्च वाढतो, श्रम वाढतात, आणि वाचत मात्र काहीच नाही. जेथे काही वाचत नाही तेथे द्यावयाचे काय?

हेमाद्रीचे नाव आले म्हणून सांगतो. देवगिरीच्या यादवांच्या या मंत्र्याने तेराव्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणि' हा महाग्रंथ सिद्ध केला. त्यात व्रतखंड आहे आणि दानखंडही आहे. आपण व्रतखंड घरी आणला आणि दानखंड पोथीतच ठेवला. पूर्वीच्या उद्यापनांत ब्राह्मणभोजन, सवाष्ण, शिधा असे काही असे. त्याचे रूप काळानुसार बदलावयास हवे होते, ते न बदलता बहुतेक घरांतून नाहीसेच झाले.

उपवास या शब्दाचा अर्थ प्रवचनांतून 'देवाजवळ राहणे' असा सांगितला जातो. शतपथ ब्राह्मणात याहून मार्मिक विवेचन आहे. उद्या यज्ञ करण्याचा संकल्प केला की देव आजच यजमानाच्या घरी येऊन राहतात. पाहुणे दारी आलेले असताना, त्यांनी खाल्ले नसताना आपण आधी जेवणे शोभत नाही. म्हणून त्या दिवशी जेवावयाचे नाही. वाचकहो, उपवासाच्या मुळाशी शरीरशुद्धी नाही, वजन उतरविणे नाही, पुण्याचा साठाही नाही. अतिथी अजून जेवलेला नाही ही जाणीव तेथे आहे.

आणि आजची व्याधकथा याच अंगाने पाहावी. बेलाच्या झाडावर बसलेला व्याध उपाशी होता, पाने खाली पिंडीवर पडत होती, नकळत पूजा घडली, असे आपण सांगतो. हरिणीचा प्रसंग श्रोते डोळे पुसत ऐकतात आणि विसरतात. त्या रात्री त्याचे जेवण त्याच्या बाणाच्या टप्प्यात उभे होते. पाडसांस भेटून येते म्हणून तिने विनविले आणि त्याने बाण खाली घेतला. घरी त्याचीही मुले उपाशी होती. दुसऱ्याच्या पिलांसाठी त्याने आपला घास सोडला, तेथे त्याचा उपवास पूर्ण झाला असे आमचे मत आहे. बेलाची पाने ही त्या सोडलेल्या घासाची साक्षीदार. संत गाडगेबाबांनी कीर्तन करून धर्मशाळा उभ्या केल्या त्या याच अर्थाच्या जोरावर, आणि स्वतः खापरातली भाकर खाऊन.

आमच्या जामसंड्यात अतिथी कोण आहे, हे शोधावयास दूर जावे लागत नाही. मुले मुंबईस, आणि घरात दोन वृद्ध, कधी एकच. औषध संपले तरी देवगडच्या बाजारात जावयास कोणी नाही. सड्यावरच्या हापूसच्या कलमबागांत नेपाळहून आलेली राखणदार कुटुंबे झोपड्यांतून राहतात. शिवरात्रीच्या सुमारास फळ धरू लागते आणि त्यांची रात्रही जागरणाचीच असते, पण त्यांच्या मुलांच्या शाळेची, तापाची चौकशी कोण करतो? गुरे चुकलेल्याची चौकशी वाडी करते, यांची करीत नाही.

आमची सूचना लहान आहे. वर्षाच्या चोवीस एकादशा, बारा संकष्ट्या आणि श्रावणातले चार सोमवार यांची बेरीज चाळीस होते. त्यांनी चाळीस दिवस सलग ठेवले, आपण ते वर्षभर पसरले. या चाळीस दिवशी प्रत्येक घराने उपवास खराखुरा साधा ठेवावा, ताक आणि एखादे फळ, आणि घरातल्या माणसांचा एका वेळचा तांदूळ अथवा त्याचे पैसे देवघराशेजारी डब्यात टाकावेत. आजारी व वृद्ध यांनी उपवास करू नये, डबा मात्र भरावा. ज्यांच्या अंगात बळ आहे अशा अठरा वर्षांवरच्या मुलामुलींनी उपवासही करावा आणि महिन्याकाठी वाडीतले डबे गोळा करून, ओझनामच्या मुलांप्रमाणे दोघा-दोघांनी, स्वतः त्या घरी जावे. शिधा ठेवून परत फिरू नये. अर्धा तास बसावे. औषधाची चिठ्ठी पाहावी, मुंबईच्या मुलाला दूरध्वनी लावून द्यावा. घेणारा कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा हे विचारू नये, आणि काय दिले हे गावात सांगू नये.

यास मंडळ नको, अध्यक्ष नको, फलक तर मुळीच नको. हिशेबाची वही एखाद्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीकडे द्यावी. आम्ही पाहिले आहे की त्या पै न पैचा हिशेब ठेवतात. सुरुवात उद्याच्या पारण्यापासून करता येईल. पारण्याचा भात शिजविताना एक वाटी तांदूळ आधी बाजूला काढावा, आणि तो कोणाच्या घरी जाणार हे घरातल्या तरुणाने आजच रात्री, जागरणाच्या वेळी, ठरवून ठेवावे.